बारा ओळींचा कंटाळा

तळवडे
गुरुवार, १८ जानेवारी २०२४

भीमराजभाऊंना ज्योतीरामचा रामकृष्णहरी.

पत्र बघून नवल वाटेल. पत्ता तुमच्या पुतण्याने, धम्मरत्नने दिला. निगडीच्या बसस्टँडवर भेटला. मी त्याला ओळखलं नव्हतं, त्यानेच हाक मारली. म्हणाला, "काकांना फोनवर काही ऐकू येत नाही आता. समोर बसून मोठ्याने बोललं तर येतं." मी म्हटलं, आम्ही फोनवर बोललोच कधी होतो?

खरंच आहे ना भाऊ? अकरा वर्षं तुम्ही एका शिफ्टला आणि मी दुसऱ्या, गुरुवारच्या सुट्टीनंतर अदलाबदल. शिफ्ट बदलताना दहा मिनिटांची भेट, त्यातली पाच हात धुण्यात जायची. बाकी आपलं सगळं बोलणं रजिस्टरमध्ये. कुठलं टूल बोथट झालंय, कुठल्या मशीनचं तेल गळतंय, आणि खाली बारीक अक्षरात तुमचं काहीतरी : "डब्यात भाकरी ठेवली आहे, मेथीची, खाऊन घे." शेवटची ओळ ठरलेली. मशीन चालू. नाहीतर मशीन बंद, आणि पुढे कारण. सोपानराव म्हणायचे, बाकी काहीही लिहा, पण कारण लिहिल्याशिवाय रजिस्टर मिटायचं नाही. मालकाचं तेवढं एक वाक्य मला पटायचं.

तर काम असं आहे. वर्कशॉपमध्ये नवीन मशीन आलं आहे. ते बसवायला स्वप्नाली नावाची इंजिनीअर मुलगी ठेवली आहे, हुशार आहे. आपले जुने प्रोग्रॅम तिने नव्या मशीनवर घेतले, तर पहिल्याच नगाला मशीन थांबलं. पडद्यावर अलार्म : नंबर सापडला नाही. तुमच्या कपाटातला ९०२१, टूल वर उचलायचा, त्याला सापडत नव्हता.

तुम्ही मला हे पहिल्यांदा समजावलं तो दिवस आठवला. मी गावच्या शाळेतून आणि तालुक्याच्या आयटीआयमधून आलेला, मला मशीनचा पडदा बघून घाम फुटायचा. तुम्ही म्हणालात, "प्रोग्रॅम म्हणजे मशीनला दिलेली कामांची यादी. कापायचं टूल बदलण्याआधी ते सुरक्षित उंचीवर उचलायचं, हे काम प्रत्येक यादीत येणार. दर वेळी त्याच दहा ओळी कशाला लिहायच्या? एकदाच लिहायच्या, त्यांना नंबर द्यायचा आणि कपाटात ठेवून द्यायच्या. यादीत फक्त एम-९८ आणि तो नंबर. मशीन यादी सोडून कपाटाकडे जातं, तिथलं काम करतं, एम-९९ दिसला की जिथून गेलं होतं तिथे परत येतं, पुढच्या ओळीवर." मग सगळ्यांनी त्याला भीमराजचं कपाट म्हणायला सुरुवात केली. अजून तेच म्हणतात.

नव्या मशीनमध्ये कपाट बाहेरून लावायच्या मेमरी कार्डावर ठेवलं आहे. तिथून बोलवायला काय लिहावं लागतं, ते कळवाल का?

वहिनींना नमस्कार. इकडे मशीन चालू.

तुमचा
ज्योतीराम


ता. वसमत, जि. हिंगोली
२ फेब्रुवारी २०२४

ज्योतीराम,

सप्रेम जयभीम.

तुझं अक्षर तसंच आहे. एक आणि सात सारखेच काढतोस. त्यापायी एकदा आपण फ्लँजचे शंभर नग भंगारात घातले होते, विसरलास काय?

बाहेरच्या कार्डावरचा प्रोग्रॅम बोलवायचा असेल तर एम-९८ चालत नाही. एम-९८ दिला की मशीन स्वतःच्याच पोटात शोधतं, बाहेर बघत नाही. एम-१९८ लिहायचं. पुढे नंबर तोच. झालं.

आता मला सांग. ही गोष्ट मॅन्युअलमध्ये आहे. ती मुलगी हुशार आहे असं तूच लिहितोस, म्हणजे तिला तासाभरात सापडली असणार. तू ती पोस्टाने विचारलीस. तुझं पत्र यायला नऊ दिवस लागले, माझं जायला तेवढेच लागतील. तेवढे दिवस मशीन थांबवून ठेवलं आहे का सोपानरावांनी? मला उगाच वाटत असेल, पण तुला दुसरंच काहीतरी विचारायचं असावं. सवडीने विचार.

माझं बरं चाललं आहे. कान गेले, पण ते हळूहळू गेले म्हणून त्रास झाला नाही. तालुक्याला कस्तुराच्या भावाचं, बुद्धरत्नचं, मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीच्या जळलेल्या मोटारी येतात, पोरं तार भरतात. मी गल्ल्यावर बसतो आणि पावत्या फाडतो. तार भरायला मी हात लावत नाही. चाकणच्या एका मोठ्या कंपनीतून दोनदा बोलावणं आलं होतं, प्रोग्रॅमिंगलाच. नाही म्हटलं. का, ते पुन्हा कधीतरी.

सुभद्राबाईंना नमस्कार सांग. त्यांची शेंगदाण्याची चटणी इथे कुणाला जमत नाही. मी कस्तुरासमोर हे एकदा बोललो आणि दोन दिवस वरणभातावर काढले.

इकडेही मशीन चालू.

भीमराज


तळवडे
गुरुवार, १५ फेब्रुवारी २०२४

भाऊ,

रामकृष्णहरी.

तुम्ही ओळखलंत. स्वप्नालीला एम-१९८ त्याच दिवशी सापडला होता. मला लिहायला काहीतरी निमित्त हवं होतं.

आधी दुसरं सांगतो. सुभद्रा नाही. २०२० च्या सप्टेंबरात गेली. तेव्हा कुणालाच कुणाकडे जाता येत नव्हतं, म्हणून कळवलंही नाही, आणि नंतर कळवायचं राहून गेलं. शेवटच्या आठवड्यात ती एकदा म्हणाली होती, "भीमराजभाऊंना मी बरी आहे म्हणून सांगा." तो निरोप आता देतोय.

मुलगी नाशिकला दिली आहे. रविवारी तिचा फोन येतो. मी एकटाच राहतो, तीच खोली. गुरुवारच्या सुट्टीला सकाळी देहूला जातो. देवळात फार थांबत नाही, इंद्रायणीच्या घाटावर बसतो. पाणी आता पूर्वीसारखं राहिलं नाही, कधी कधी फेस असतो, तरी बायका मुरमुरे टाकतात आणि मासे येतात. मी हरिपाठ म्हणतो. मध्येच लक्ष उडालं की कुठपर्यंत आलो होतो ते आठवत नाही, मग पुन्हा पहिल्यापासून. असा कधी कधी दुपारचा एक वाजतो. घरी येऊन स्वयंपाक एकाचाच असतो, तो मला अजून मापात जमत नाही. भात उरतोच.

आता ज्यासाठी लिहिलं ते. स्वप्नाली जुने प्रोग्रॅम नीट लावते आहे. ९०२१ उघडून ती मला हाक मारून म्हणाली, "काका, हे कुणी लिहिलंय? प्रत्येक ओळीला टीप आहे." मग मोठ्याने वाचून हसली. तुम्ही इंग्रजी अक्षरांत मराठी टीप लिहून ठेवली होती ना, उंचीच्या आकड्याच्या वर : "इथे बदल हवा असेल तर नवीन नंबर काढा. ह्याला हात लावू नका. बाकीचेही ह्यालाच बोलावतात." ती म्हणाली, "हा माणूस मला भेटला असता तर मी ह्यांच्याकडेच शिकले असते."

तिने सोपानरावांना सांगितलं की हे कपाट नव्या मशीनवर जसंच्या तसं ठेवू. सोपानराव म्हणाले, "त्या माणसाच्या प्रोग्रॅमने माझ्या मशीनचा टूल फिरवणारा स्पिंडलच गेला होता. सगळं पूस आणि नव्याने लिही." तिने एक महिन्याची मुदत मागून घेतली. मग माझ्याकडे आली. "काका, तुम्हीच सगळ्यात जुने. तेव्हा नेमकं काय झालं होतं?"

मी म्हटलं, विचारून सांगतो.

भाऊ, मी तुम्हाला तेव्हा विचारलं नव्हतं. त्या शुक्रवारी, २०१७ च्या १८ ऑगस्टला, काय झालं असं तुम्हाला वाटतं?

इकडे मशीन चालू.

ज्योतीराम


ता. वसमत
६ मार्च २०२४

ज्योतीराम,

सुभद्राबाईंचं वाचून कस्तुरा पाटावरून उठून आत गेली. मीही दुकानात गेलो नाही त्या दिवशी. त्यांचा निरोप पोचला. साडेतीन वर्षं तू तो जवळ ठेवलास, तुझी ही सवय काही चांगली नाही. असं काही असलं की लिहावं माणसाने.

त्या शुक्रवारचं विचारलंस. सांगतो. मी त्याचा इतका विचार केला आहे की पाठ झालं आहे.

९०२१ मध्ये उंची आधी साठ मिलिमीटर होती. २०१४ ला तीन नंबरच्या मशीनवर नग धरून ठेवायचं ते उंच फिक्श्चर आलं, तेव्हा मी ती दीडशे केली, कारण साठवर टूल त्याला धडकलं असतं. जुनं कार्ड, साठवालं, आणि नवं कार्ड, दीडशेवालं, दोन्ही माझ्या बिस्किटाच्या डब्यात असायची. गुरुवारच्या सुट्टीनंतर दर शुक्रवारी शिफ्ट सुरू होताच मी एक नंबरच्या मशीनवरून कपाट कार्डावर घ्यायचो आणि ते कार्ड बाकीच्या मशीनवर फिरवायचो, म्हणजे सगळीकडे एकच राहावं. त्या शुक्रवारीही फिरवलं. अकरा वाजता तीन नंबरवर टूल साठच्या उंचीवरून आडवं निघालं आणि फिक्श्चरमध्ये घुसलं. तो आवाज माझे कान गेले तरी ऐकू येतो.

बाहेरचा सर्व्हिसवाला आला, त्याने ९०२१ उघडला. आत साठ, आणि वर माझं नाव. मी काय बोलणार? मीच चुकून जुनं कार्ड लावलं असणार. दुसरं कारणच नाही. पण मला जुनं कार्ड हातात घेतल्याचं आठवत नव्हतं. आजही आठवत नाही. म्हणून रजिस्टरमध्ये लिहिलं : मशीन तीन बंद. कारण कळलं नाही.

पुढचं तुला माहीत आहे. सोपानरावांनी मला नगांचे बर, कडेला राहिलेले धारदार कण, घासायला बसवलं. घासण्याचा मला राग नव्हता, काम ते काम. पण बसल्या बसल्या मी रोज तो शुक्रवार पहिल्यापासून आठवायचो आणि कार्डापाशी आलो की पुढे अंधार. ज्या माणसाला आपण काय हातात घेतलं ते आठवत नाही, त्याने दुसऱ्याच्या मशीनला हात लावू नये. म्हणून दिवाळीआधी सोडलं. म्हणून चाकणला गेलो नाही. म्हणून तार भरत नाही. तार उलटी भरली तर पाण्यात उतरलेल्या माणसाचा जीव जातो.

कस्तुरा हसते मला. घराला कुलूप लावलं की चार वेळा ओढून बघतो. गॅसचं बटण बंद आहे म्हणून तिने सांगितलं तरी मी उठतो. ती म्हणते, "अहो, आता ते बटण तुटून हातात येईल." बरोबर आहे तिचं.

तो बिस्किटाचा डबा इथे माळ्यावर आहे. कार्डं त्यातच असतील. आणल्यापासून उघडला नाही.

त्या मुलीला सांग, पुसून टाक. सोपानराव म्हणतात ते बरोबर आहे.

मशीन चालू म्हण.

भीमराज


तळवडे
गुरुवार, २१ मार्च २०२४

भीमराजभाऊ,

हे पत्र मी आज सकाळी देहूला घाटावर बसून लिहिलं आणि घरी येऊन नीट उतरवून काढतो आहे. एक आणि सात वेगळे काढायचा प्रयत्न केला आहे.

तुम्ही जुनं कार्ड लावलं नव्हतं. तुमच्या हातात नवंच कार्ड होतं. एक नंबरच्या मशीनवर ९०२१ मध्ये साठ मी केली होती.

त्या आठवड्यात मंगळवारी पंधरा ऑगस्टची सुट्टी होती आणि गुरुवार आपला नेहमीचा बंद. मध्ये एकटा बुधवार, आणि फ्लँजची गाडी शुक्रवारी जायची होती. सोपानराव सकाळपासून पाठीमागे उभे. एक नंबरवरचं फिक्श्चर बुटकं होतं, तिथे टूल दीडशेपर्यंत वर न्यायची काही गरज नव्हती. साठ पुरेशी होती आणि दर नगामागे वेळ वाचणार होता. तिथल्या फ्लँजच्या प्रोग्रॅममध्ये बारा ठिकाणी ९०२१ ला बोलावलेलं होतं. तुम्ही शिकवलं होतं तसं करायचं तर साठवाला नवीन प्रोग्रॅम नव्या नंबरने काढायचा आणि त्या बाराच्या बारा ओळींत नंबर बदलायचा. पाऊण तासाचं काम. मी विचार केला, बारा ओळी कोण बदलतो? कपाटात जाऊन एकच आकडा बदलला की बाराही ठिकाणी बदलतो. नऊ हजारांवरच्या नंबरांत कुणी बदल करू नये म्हणून मशीनमध्ये कुलूप असतं, ते कसं उघडायचं ते तुम्ही एकट्या मला शिकवलं होतं. तुमची टीप त्या आकड्याच्या बरोबर वर होती. ती मी वाचली. मग खालचा आकडा बदलला.

शिफ्ट संपताना परत दीडशे करायचं ठरवलं होतं. तेवढ्यात सुभद्राचा फोन आला, घरी पाहुणे आलेत, दूध घेऊन या. मी दूध घेऊन गेलो. एवढंच. रजिस्टरमध्ये लिहिलं, मशीन चालू. बदलाबद्दल काही लिहिलं नाही, कारण परत बदलणारच होतो.

शुक्रवारी दुपारी तीनला आलो तर तीन नंबरभोवती सगळे उभे होते. सर्व्हिसवाला म्हणाला, ९०२१ मध्ये साठ आहे. मला त्याच क्षणी कळलं. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मला वाटलं, तुम्हालाही कळलं. तुमचं हे पत्र वाचेपर्यंत मी हेच धरून होतो की तुम्हाला कळलं होतं आणि तुम्ही माझ्यासाठी गप्प राहिलात. त्या समजुतीवर मी साडेसहा वर्षं जेवलो. तुम्ही फक्त विचारत होतात, कार्डाचं. "ज्योतीराम, मी कुठलं कार्ड घेतलं रे?" असं तुम्ही म्हणालातही. मी म्हटलं, मी दुसऱ्या शिफ्टला होतो भाऊ, मला काय माहीत.

पुढच्या महिन्यात माझं कायम व्हायचं पत्र यायचं होतं. ते आलं. तेव्हा तुम्ही बर घासत होतात आणि तुम्हीच मला पेढा मागितला होता.

सुभद्राला मी हे सांगितलं होतं, तुम्ही गेल्यावर. ती म्हणाली, "मग लिहा त्यांना." पुन्हा कधी तिने विषय काढला नाही, पण चटणी कुटायला बसली की म्हणायची, भीमराजभाऊंना पाठवायची का? मी म्हणायचो, पत्ता नाही. पत्ता मिळवणं अवघड नव्हतं.

पांडुरंगासमोर मी हे पुष्कळदा बोललो. त्याला सांगणं सोपं आहे, तो उलट विचारत नाही. तुमच्या कुलपाचं वाचलं आणि मग पुढे हरिपाठ झाला नाही माझ्याच्याने.

माफ करा असं लिहायला हात धजत नाही. तरी लिहितो. मला माफ करा.

ज्योतीराम


तळवडे
गुरुवार, ६ जून २०२४

भाऊ,

तुमचं उत्तर आलं नाही. यावं असा माझा हट्ट नाही. फक्त पुढे काय झालं ते कळवतो.

पत्र पेटीत टाकलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी सोपानरावांच्या केबिनमध्ये गेलो. सगळं सांगितलं. मनाची तयारी करून गेलो होतो, खोलीचं भाडं, मुलीला काय सांगायचं, सगळं. ते ऐकत होते, मध्ये एकदा फोन घेतला. मग म्हणाले, "ज्योतीराम, सात वर्षं झाली राव. तो स्पिंडल भंगारात गेला, विम्यातून सुटलं. आता हे मला सांगून मी काय करू?" आणि बाहेर हाक मारली, दोन चहा सांगितले. मला शिक्षा हवी होती असं म्हणत नाही. पण तो चहा नको होता. प्यायलो.

मी म्हटलं, "भीमराजभाऊंचं नाव तुम्ही सगळ्यांसमोर घेता, ते तेवढं थांबवा." ते म्हणाले, "बरं." वाईट माणूस नाही तो. त्याला हे एवढंसंच दिसतं.

स्वप्नालीला सांगितलं तेव्हा तिने हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "काका, त्या बारा ओळी अजून तशाच आहेत?" मी म्हटलं, आहेत. म्हणाली, "मग बसा." साठवाला प्रोग्रॅम मी नव्या नंबरने काढला, ९०२२, आणि एक नंबरच्या यादीत बारा ठिकाणी नंबर बदलला. पाऊण तास लागेल म्हणत होतो. वीस मिनिटं लागली.

तुमचं कपाट पुसलं नाही. नव्या मशीनवर ते तुमच्या नावासकट, टिपांसकट आहे. ९०२१ मध्ये दीडशे आहे.

आणि २०१७ चं रजिस्टर मी वर्कशॉपच्या माळ्यावरून शोधून काढलं. वाळवीने कडा खाल्ल्या आहेत, आत शाबूत आहे. १६ ऑगस्ट, पहिली शिफ्ट, माझ्या अक्षरातलं "मशीन चालू". त्याच्या खाली मी कालच्या तारखेने लिहिलं : "एक नंबरवर ९०२१ ची उंची दीडशेची साठ केली. पुढच्या शिफ्टला सांगितलं नाही. ज्योतीराम." जागा पुरली. तुमच्या १८ तारखेच्या पानाला मी हात लावला नाही.

उन्हाळा इकडे कडक गेला. तुमच्याकडे तर विचारायलाच नको. तब्येतीची काळजी घ्या.

ज्योतीराम


वसमत
२० जून

ज्योतीरामभाऊ,

कस्तुराबाईचा जयभीम. हे माझं मीच लिहायलेय, चुका पोटात घाला.

तुमची दोन्ही पत्रं आली. पहिलं आलं त्या दिवशी ह्यांनी ते वाचलं, घडी घातली, खिशात ठेवलं अन् रानात गेले. सांजच्याला आले. मला वाटलं कुणी वारलं. म्या विचारलं तर पत्र माझ्या हातात दिलं. म्या दोनदा वाचलं.

खरं सांगू का, मला तुमचा लई राग आला. सात वर्सं हा माणूस कुलपं ओढत बसला. चाकणहून साहेब लोक बोलावत होते, तर म्हणे माझं डोकं ठिकाणावर न्हाई. पोरं म्हणायची, बाबा भितरे झाले. म्या पण म्हटलं असंल कधी. आता मलाच वाईट वाटतंय. तुमच्या एका गप्प बसण्यापायी म्या माझ्या माणसाला भितरा म्हटलं.

सुभद्राताई लिहा म्हणाल्या होत्या ना? ऐकायचं व्हतं.

तुम्ही आता थोडे दिस पत्र पाठवू नका. ते रागावले का काय मला कळंना, काहीच बोलत न्हाईत. पण परवा एक झालं. गॅस बंद करून म्या म्हटलं, केला बरं का बंद. तर उठले न्हाईत. बसून राहिले. म्या चुलीकडं तोंड करून रडले, ते त्यांना दिसलं न्हाई.

एकटे ऱ्हाता असं कळलं. दोन टाइम नीट जेवत जा.

कस्तुरा


ता. वसमत
१८ ऑगस्ट २०२४

ज्योतीराम,

जयभीम.

कस्तुराने तुला लिहिलं होतं हे मला काल कळलं. पोस्टमन बोलून गेला.

तुझं मार्चचं पत्र आल्यावर मी डबा काढायला पाच दिवस लावले. माळ्यावर चढलो, उतरलो, पुन्हा चढलो. झाकण गंजलं होतं. आत दोन्ही कार्डं होती. २०१४ ला नवं कार्ड केलं तेव्हा मी जुन्याला चिकटपट्टी गुंडाळून ठेवली होती, चुकून लागू नये म्हणून. हे मी साफ विसरलो होतो. पट्टी जशीच्या तशी होती. वर माझीच सही आणि तारीख. दहा वर्षांत ती कुणी काढलेलीच नव्हती.

म्हणजे बघ. डबा माझ्या डोक्यावर, माझ्याच घरात होता. कुठल्याही दिवशी झाकण उघडलं असतं तर कळलं असतं की मी ते कार्ड लावलं नव्हतं. मी उघडलं नाही, कारण पट्टी निघालेली दिसली तर काय, याची भीती. तू बोलला नाहीस आणि मी बघितलं नाही. यात माझाही वाटा आहे, पण तो माझा मी बघेन. तुझा त्याने कमी होत नाही.

राग आहे. खोटं लिहीत नाही. मी तुला विचारलं होतं, कुठलं कार्ड घेतलं रे, आणि तू माझ्या तोंडावर म्हणालास मला काय माहीत. स्पिंडल, नोकरी, सोपानराव, त्यातलं काही मला फार लागत नाही. ते एक वाक्य लागतं. तू माफी मागितलीस, ती आत्ता माझ्याजवळ नाही. आली तर पाठवीन. येईलच असं सांगत नाही.

गेल्या आठवड्यात दुकानात एक मोटार आली, पाच एचपीची, जळून कोळसा झालेली. दोन पोरं रजेवर होती आणि शेतकरी दारात उभा. मी बुद्धरत्नला म्हटलं, आण इकडे. त्याला वाटलं कान गेले तसं माझं डोकंही गेलं. मी तार भरली. दोन दिवस लागले, बोटं जाड झाली आहेत. शेतकऱ्याने विहिरीत सोडली, चालू केली. मला आवाज आला नाही. पाइपाला हात लावून बघितलं, थरथरत होता. पाणी आलं. मी एकदाच तपासलं होतं.

बारा ओळी बदलल्यास ते बरं केलंस. त्या मुलीला माझा जयभीम सांग, आणि सांग की ९०३५ मध्ये एक ओळ जास्तीची आहे, ती मी तेव्हाच काढणार होतो. तिने काढावी. पण रजिस्टरमध्ये लिहून.

सुभद्राबाईंची चटणी तुला कुटता येते का? येत असेल तर पाठव. येत नसेल तर शीक, गुरुवार मोकळाच असतो तुझा. ही माफी नव्हे. कस्तुराला दाखवायचं आहे की असते कशी.

आज तारीख अठराच आहे. माझं त्या दिवशीचं पान अर्धवट राहिलं होतं. तू त्याला हात लावला नाहीस, ते मी वाचलं. आता लाव. माझ्या ओळीतलं शेवटचं वाक्य खोड आणि मी खाली लिहितो तसं लिही. तुझ्याच अक्षरात लिहिलंस तरी चालेल, फक्त एक आणि सात नीट काढ.

१८ ऑगस्ट, पहिली शिफ्ट.
मशीन तीन बंद. कारण कळलं. दुरुस्तीला वेळ लागेल.

भीमराज